माहुलीच्या अलीकडे

पडघ्याच्या पूर्वेला माळावरच्या एका टेकाडावर उभं राहून काढलेला हा फोटो आडवा आहे, तीनास दोन या साध्या प्रमाणातला. वरच्या पाचव्या हिश्शात माहुलीचा डोंगर, त्याच्या माथ्यावर आकाशाची जेमतेम पट्टी. खालच्या कडेला कापणीनंतर धसकटं उरलेलं एक मोठं खाचर. या दोहोंच्या मधे, चित्राचा निम्म्याहून अधिक भाग व्यापून, पसरलेली आहे जमीन: बांधामागे बांध, वालाची एक हिरवी पट्टी, धुराचा आडवा थर, विजेचा दोन हातांचा मनोरा आणि बांधावरून चाललेली एक बाई. डिसेंबरअखेरची सकाळ आहे, सूर्य उगवून वीस-पंचवीस मिनिटं झालेली. फोटो काढणारे माझे स्नेही भिवंडीत एका सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब पाहतात आणि रविवारी पहाटे मोटरसायकलला ट्रायपॉड बांधून निघतात. आपलं नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे. फोटोविषयी लिहायला मात्र त्यांची हरकत नाही, आणि मला त्याच्याविषयी बरंच बोलायचं आहे.

हौशी मंडळींच्या कॅमेऱ्यांतून डोंगराचे फोटो ढिगाने निघतात आणि त्यांतले बहुतेक एकाच साच्याचे असतात. पुढ्यात एखादा दगड, रानफूल किंवा पाणी साचलेलं डबकं, मागे डोंगर, आणि मधलं सगळं नुसतं ओलांडून जायचं. याला लेन्सही कारणीभूत असते. मोकळ्यावर आलं की सगळंच फोटोत घ्यावंसं वाटतं, म्हणून माणूस वाइड लेन्स लावतो. फोनचा मुख्य कॅमेरा तर मुळातच वाइड असतो. अशी लेन्स पायाजवळचं फुगवते आणि लांबचं लहान करते. समोर उभा असताना नजर भरून टाकणारा माहुली फोटोत नखाएवढा उरतो आणि मधली काही कोसांची जमीन चेपून एका रेघेत जाते. भिवंडीहून सुटीच्या दिवशी निघालेल्या गाड्यांचे थांबेही ठरलेले: वज्रेश्वरीच्या देवळाच्या पायऱ्या, अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं, १८९२ साली पुरं झालेलं तानसा धरण, पावसाळ्यात माहुलीच्या पायथ्याचा धबधबा. ही सगळी ठिकाणं सुंदर आहेत आणि त्यांचे चांगले फोटो मी पाहिले आहेत. पण तिथे पोचेपर्यंत जी भातजमीन लागते, तिच्यासाठी कोणी गाडी थांबवत नाही. या फोटोतला माहुली मला साक्षीदारासारखा वाटतो. विषय आहे तो माहुलीच्या अलीकडची जमीन.

हे साधलं कसं, ते आधी पाहू. लेन्स अगदी साधी, कॅमेऱ्याबरोबर मिळते ती १८–५५ मिलिमीटरची. ती त्यांनी ५५वर नेली. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५५ म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात ८२च्या आसपास, म्हणजे माफक टेलिफोटो. तिने दोन गोष्टी केल्या. दहा-बारा किलोमीटरवरचा २,८१५ फुटांचा डोंगर आपल्या उंचीला शोभेल इतका उभा राहिला, आणि बांध एकमेकांच्या जवळ सरकून त्यांची एक वीण तयार झाली. पण नुसत्या लेन्सने हे झालं नसतं. शेतात उतरून त्याच लेन्समधून पाहा, पहिल्या दोन बांधांमागे पुढचे सगळे बांध दडतात. टेकाडाची उंची शंभरएक फुटांपेक्षा जास्त नाही, पण तेवढ्या उंचीने प्रत्येक खाचर थोडं थोडं उघडतं. जवळचं खाचर पूर्ण दिसतं, त्यामागचं निम्मं, त्याच्याही मागचं नुसती कड. नजर पायऱ्या चढावी तशी एकेक बांध ओलांडत डोंगरापर्यंत जाते, आणि मधे कुठेही उडी मारावी लागत नाही. ही जागा गाडीतून जाता जाता दिसत नाही. माझ्या मते फोटोचं निम्मं काम ती जागा निवडण्यातच झालं आहे.

आता प्रकाश. पडघ्याच्या बाजूने पाहिलं की माहुली ईशान्येच्या अंगाला येतो. आपल्या अक्षांशावर सूर्य ठीक पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो. एरवी तो पूर्वेच्या दोन्ही बाजूंना २५ अंशांपर्यंत सरकत राहतो. डिसेंबरअखेर तो आग्नेयेकडे अगदी टोकाला असतो. म्हणजे माहुलीकडे तोंड करून उभं राहिलं तर ऊन उजव्या खांद्यावरून, जवळजवळ काटकोनात येतं. फोटोतल्या सावल्या पाहा, त्या उजवीकडून डावीकडे पडल्या आहेत आणि किंचित आपल्याकडे झुकल्या आहेत. बांध असतील दोन-अडीच फूट उंचीचे. पण सूर्य क्षितिजावर पाच अंश असताना सावली वस्तूच्या उंचीच्या अकरापट लांब पडते, त्यामुळे दोन फुटांच्या बांधालाही बावीस फुटांची काळी किनार आली आहे. दुपारी बाराला हीच जमीन पिवळट, सपाट आणि मुकी दिसते. इथे बांधांचं वळण, त्यांची डागडुजी, कुठे बांध फोडून पाणी पुढच्या खाचरात सोडलं होतं ती जागा, सगळं वाचता येतं. एका बांधाला मधेच खाच आहे आणि तिच्यातून उन्हाची चिंचोळी पट्टी सावलीत शिरली आहे. मी प्रिंट पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा सगळ्यात जास्त वेळ त्या पट्टीपाशी थांबलो.

वालाच्या हिरव्या पट्टीविषयीही सांगायला हवं, कारण रंगाचा तोल तिच्यावर आहे. ठाणे-रायगडकडे भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात; त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. डिसेंबरमध्ये बाकी सगळं शिवार गवती पिवळं झालेलं असताना वालाची शेतं तेवढी हिरवी राहतात. फोटोत ही पट्टी मध्यरेषेच्या जरा खाली, डाव्या बाजूला आहे. हिरवा रंग चढवून तिला झळाळी आणण्याचा मोह कोणालाही झाला असता, आणि हल्ली फोन तर न विचारता ते करून टाकतो. इथे तो हिरवा थोडा धुळकट, थोडा निळसर ठेवला आहे. वालाच्या पानावर दव असताना तो तसाच दिसतो.

सगळ्यात रेंगाळावं असा भाग मात्र धुराचा. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन झपाट्याने गार होते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होऊन सखल भागात बसते. सकाळी चुलींचा धूर निघतो, पाऊस संपल्यावर पेटलेल्या वीटभट्ट्यांचा निघतो. तो थोडा वर चढतो आणि उबदार हवेच्या थराखाली अडकून आडवा पसरतो. फोटोत हा थर डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्याच्याखाली जमीन, वर डोंगर, आणि मधे एक अस्पष्ट पांढुरकी फट. त्या फटीमुळे माहुली जमिनीपासून सुटून थोडा उचलल्यासारखा वाटतो, आणि अलीकडची जमीन तिच्या सगळ्या तपशिलासकट आपल्याजवळ राहते.

लांबच्या डोंगरावर चढणाऱ्या या निळसर झाकेशी फोटोग्राफरांचं जुनं भांडण आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने एप्रिल १९२७मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोमचा जो प्रसिद्ध फोटो काढला, त्यासाठी लेन्सवर गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो. त्याने आकाश काळंभोर झालं आणि खडक अंगावर आला. तो फोटो थोर आहे यात शंका नाही. पण तिथली हवा उंच पहाडातली, कोरडी. भिवंडी तालुक्याच्या एका अंगाला उल्हास नदी आणि वसईची खाडी, पलीकडे तानसेचं खोरं. इथल्या हवेत कायम ओल असते. ती काढून टाकली तर डोंगर कुठला तरी दुसराच होतो. आता संगणकावर एक पट्टी सरकवली की धुकट हवा निघून जाते. स्नेह्यांनी त्या पट्टीला हात लावलेला नाही. त्यांनी एक्स्पोजर फक्त थोडं कमी ठेवलं, म्हणजे धुराचा पांढरा थर करपला नाही आणि त्यातले राखाडीचे तीन-चार टप्पे शाबूत राहिले. जलरंगात ओल्या कागदावर रंग सोडून लांबचे डोंगर विरवण्याची जी हातोटी आपल्याकडच्या मा. के. परांडेकर, सा. ल. हळदणकर यांच्या पिढीने कमावली, तिची आठवण हा भाग पाहताना येते. इथे ते काम हवेने केलं आणि माणसाने ते मोडलं नाही.

या हवेचा इतिहासही आहे. भिवंडी–वाडा रस्त्याच्या बाजूला दुगाड आहे. डिसेंबर १७८०मध्ये तिथे मराठ्यांची आणि कर्नल हार्टलीच्या इंग्रजी फौजेची लढाई झाली. ग्रँट डफने लिहिल्याप्रमाणे, सेनापती रामचंद्र गणेश दाट धुक्याच्या आडून इंग्रजांच्या ठाण्यावर चालून गेले. धुकं एकाएकी उठलं, दोन्ही सैन्यं समोरासमोर उघडी पडली, आणि त्या माऱ्यात रामचंद्र गणेश ठार झाले. ज्यांनी या भागात डिसेंबरच्या सकाळी ट्रायपॉड लावून वाट पाहिली आहे, त्यांना ते एकाएकी उठणारं धुकं चांगलं माहीत असतं. पाच मिनिटांपूर्वी काही दिसत नसतं आणि पाच मिनिटांनी हवा सगळी मोकळी झालेली असते. हा फोटो त्या मधल्या पाच मिनिटांतला आहे.

आपल्या मुलखात हौशी फोटोग्राफी किती जुनी आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही तिचे सभासद होते, आणि नारायण दाजी स्वतः फोटो काढून प्रदर्शनात मांडत. १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन आणि हेंडरसन या जोडीने हौशी फोटोग्राफरांसाठी एक चित्रसंग्रह मुंबईत क्रमशः काढला. त्या काळात काचेवर ओलं कलोडियन लावायचं, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. सुटीच्या सहलीलाही अंधाराचा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या बरोबर न्याव्या लागत. शिवाय ती काच निळ्या प्रकाशाला फार आणि लाल-पिवळ्याला जवळजवळ मुळीच दाद देत नसे. निळसर झाक असलेला दूरचा डोंगर तिच्यावर आकाशात विरघळूनच जाई. म्हणजे माहुलीचा हा फोटो त्या पिढीला काढता आला नसता.

जॉन्सनचं नाव काढण्याला आणखी एक कारण आहे. १८६३पासून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मुंबईतल्या जातिजमातींच्या पुस्तकात त्याने स्टुडिओत घेतलेल्या माणसांच्या आकृती वेगळ्या काढलेल्या दृश्यांवर बसवल्या. माणसं आणि पाठीमागची जागा एकमेकांना ओळखत नाहीत, हे त्या चित्रांत लगेच कळतं. माणसांवरचा उजेड एका बाजूने, मागच्या दृश्यातला दुसऱ्या. आपल्या फोटोतल्या बाईकडे पाहा. बारा बाय अठरा इंचांच्या प्रिंटमध्ये ती पाव इंचाचीही नाही. तिच्या डोक्यावर काही तरी आहे, पेंढ्याचा भारा असावा. चेहरा दिसत नाही, वय कळत नाही. पण तिची लांबलचक सावली शेजारच्या बांधाच्या सावलीला समांतर पडली आहे आणि तिची चाल बांधाच्या वळणाबरोबर वळलेली आहे. बांध माणसांनी घातले आहेत हे आपल्याला ठाऊक असतं; ती दिसल्यावर ते डोळ्यांना पटतं. तिच्यामुळे मापही मिळतं. खाचर केवढं, मनोरा केवढा, डोंगर किती लांब, हे सगळं त्या छोट्याशा आकृतीवरून मोजता येतं. ती चौकटीच्या उजव्या तिसऱ्या हिश्शात असताना, डावीकडे जात असतानाच शटर दाबलेलं आहे. बरीच पुढे गेली असती तर मनोऱ्याच्या पायात अडकली असती.

तो मनोरा! निसर्गचित्रण करणारे विजेच्या तारांना वैतागतात आणि त्या चुकवण्यासाठी अर्धा-अर्धा किलोमीटर चालतात. पडघ्यात ते शक्य नाही, कारण राज्यातलं एक मोठं वीज उपकेंद्र इथे आहे. चंद्रपूरहून निघालेली ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी सुमारे ७५० किलोमीटर येऊन पडघ्याला संपते. नेहमीच्या वाहिनीत तारांचे तीन किंवा सहा संच असतात. एकदिश वाहिनीला दोनच लागतात, म्हणून तिच्या मनोऱ्याला दोनच हात. फोटोतला मनोरा तसा आहे. स्नेह्यांनी तो टाळला नाही आणि मिरवलाही नाही. डाव्या बाजूला, वालाच्या पट्टीच्या वर तो उभा आहे. त्याचा खालचा भाग धुरात बुडालेला आणि वरचं टोक डोंगराच्या कडेच्या जरा खालीच थांबलेलं. टोक कडेच्या वर गेलं असतं तर नजर तिथेच अडकली असती. टेकाडावर दहा पावलं पुढे-मागे होऊन त्यांनी हे जुळवलं असणार. तारा मात्र दिसत नाहीत, धुरात हरवल्या आहेत.

डोंगराकडे आता वळतो. माहुलीच्या तीन भागांपैकी पळसगड चौकटीच्या डाव्या कडेशी, भंडारगड उजवीकडे, आणि त्याच्याही उजवीकडे नवरा-नवरीचे सुळके. सुळके छोटे आहेत, पण ती खाचदार कड आली नसती तर हा कुठलाही लांबट डोंगर असता. ठाणे जिल्ह्यातला माणूस त्या सुळक्यांवरून माहुली ओळखतो. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याचा शेवटचा प्रयत्न याच गडावर केला आणि वेढा पडल्यावर इथेच तह केला. फोटोत त्याचं काहीही सूचित केलेलं नाही, बुरूज नाही, भगवा नाही, आणि ते योग्यच आहे.

आमचं दुमत झालं ते डाव्या कडेवर. तिथे, मनोऱ्याच्याही पलीकडे, एका गोदामाच्या पत्र्याचा पांढरा पट्टा आहे. मी म्हटलं, "तेवढं कापलंत तर चित्र जास्त शांत होईल." ते म्हणाले, "मग शेतं कुठे संपतात ते कसं कळणार, सर?" प्रिंट दोन दिवस माझ्याकडे ठेवून पाहिल्यावर मला त्यांचं म्हणणं पटत गेलं, तेही चित्राच्याच कारणांनी. उजवीकडून येणारं ऊन सगळ्या चौकटीतून जातं आणि त्या पत्र्यावर आदळतं; प्रकाशाच्या वाटेचं ते दुसरं टोक आहे. शिवाय ती कड खरी आहे. भिवंडीभोवती गोदामांची देशातली सगळ्यात मोठी वस्ती उभी राहिली आहे, आधी माणकोली-काल्हेरकडे, मग महामार्गाने वडपे आणि पडघ्यापर्यंत. नागपूरहून येणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच तालुक्यात आमण्याला संपतो. त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला. डोंगराला यातलं काही होणार नाही, तिथे अभयारण्य आहे. बदलते आहे ती मधलीच जमीन, जिचा फोटो सहसा कोणी काढत नाही. म्हणून हा फोटो मला मोलाचा वाटतो, आणि म्हणून तो पट्टा राहायला हवा.

एक उणीव सांगतो. खालचा उजवा कोपरा जड आहे. तिथे टेकाडाचीच सावली आली आहे आणि तिच्यात तपशील नाही. प्रिंटमध्ये तो कोपरा काळा डाग होऊन बसतो. फाइलमध्ये तिथे थोडा उजेड शिल्लक आहे, तो छापताना हलक्या हाताने वर आणायला हवा. कागदही चकचकीत नको. मॅट, जरा सुती पोताचा कागद घेतला तर धुराच्या थरातले राखाडी टप्पे नीट उतरतील, आणि भिंतीवर लावताना उजेड उजवीकडून पडेल अशी जागा पाहावी.

पुढचं काम मी त्यांना सुचवलं आहे. हीच चौकट लावणीच्या दिवसांत घ्यायची. तेव्हा सूर्य उत्तरेकडे सरकून डोंगराच्या बराच जवळ उगवतो, ऊन समोरून येतं, आणि खाचरांत पाणी भरलेलं असल्यामुळे उजेड जमिनीतूनच वर येईल. आषाढात माहुली आठवडा-आठवडा ढगात असतो. तो दिसला नाही तरी चौकट हलवायची नाही, वरचा पाचवा हिस्सा नुसता राखाडी राहू द्यायचा, असं आमचं ठरलं आहे. पावसात टेकाडावर कमरेइतकं गवत वाढतं आणि वाट सापडत नाही. म्हणून ट्रायपॉडच्या तीन पायांच्या जागी त्यांनी तीन लोखंडी खुंट्या आताच ठोकून ठेवल्या आहेत.